कोकराच्या अंगात ईशानचा स्वेटर

ईशान आणि मीरा,

हे पत्र तुम्हाला आईकडून वाचून घ्यावं लागेल. तिला मराठी अजून वाचता येतं, अशी माझी आशा आहे.

तुमच्या शाळेनं तुम्हाला 'प्राणी थंडीत कसे जगतात' हे शिकवलं आणि तुम्ही ते व्हिडिओ कॉलवर मला शिकवलंत. मीरानं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या मध्ये चरबी भरली, त्यात हात घातला आणि तो बर्फाच्या पाण्यात बुडवून म्हणाली, "आजी, वालरसला अस्संच वाटतं." तुमच्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ पडलेला असताना घरात फ्रीजमधला बर्फ काढून थंडी समजून घ्यायची, ही पद्धत मला फार शिस्तीची वाटली. पुण्यातल्या इंग्रजी शाळेत मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, पण कुठल्याही वालरसला काय वाटतं याची चौकशी केली नव्हती.

त्याच आठवड्यात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती बीड जिल्ह्यात, कपिलधारच्या बाजूच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या एका लहान शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. "बाई, चार दिवस येता का? मुलांना काहीतरी वेगळं शिकवा," ती म्हणाली. वेगळं म्हणजे काय हे मी लगेच ठरवलं. बीडच्या मुलांना ध्रुवीय अस्वलाची नितांत गरज आहे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

मी यादी केली. लॅमिनेट केलेली अठरा चित्रं, थर्मामीटर, बर्फासाठी थर्मास, वनस्पती तुपाच्या पिशव्या, टॉवेल दोन. आणि ईशान, तुझा निळा स्वेटर. तू दहा महिन्यांचा असताना मी तो विणला होता आणि एक हिवाळा तू तो पुण्यात घातलास. नंतर तुझी आई 'तिकडची थंडी वेगळी असते' असं म्हणून तो इथंच ठेवून गेली. तेव्हापासून तो लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या बंदोबस्तात आहे. माणसाला लोकर उसनी घ्यावी लागते, हे दाखवायला तो मला हवा होता. तू फोनवर बजावलंस, "आजी, तो माझा आहे, परत आण." आणलाय. पण त्याचं काय झालं ते ऐक.

बीड

एसटीच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. बस हलत होती, मी हलत होते, शेवटी दोघी पोचलो.

बीडच्या बसस्थानकाबाहेर रिक्षावाले प्रवाशाकडे एकदा बघतात आणि तो कशाला आलाय ते ओळखतात. हातात फायली असल्या तर कोर्ट, बरोबर घाबरलेलं पोरगं असलं तर कोचिंग क्लास, नुसताच वैतागलेला चेहरा असला तर सरकारी कचेरी. माझ्या हातात थर्मास आणि बगलेत ध्रुवीय अस्वल होतं. रिक्षावाल्याला अंदाज बांधता येईना.

"मावशी, दवाखान्यात का?"

"नाही. थंड प्रदेशातले प्राणी कसे जगतात, ते मुलांना शिकवायला आले आहे."

त्यानं थोडा विचार केला. "मग मे महिन्यात या की. तवा आमी उन्हात कसे जगतो ते आमी तुमाला शिकवतो. फुकट."

तेवढ्यात वैशाली स्कूटरवर आली आणि मी एका चांगल्या प्रशिक्षणाला मुकले.

पहिला दिवस, शाळेत

सकाळी सातला चांगलीच थंडी होती. मी शाल, मोजे, कानटोपी अशा पूर्ण तयारीत होते. मुलं अर्ध्या चड्डीत होती आणि माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होती. थंडीत कोण कसं जगतं हा धडा तिथेच संपायला हवा होता, पण माझी अठरा चित्रं शिल्लक होती.

मी मुलांना उंचीप्रमाणे बसवलं आणि अस्वलापासून सुरुवात केली. काही अस्वलं हिवाळाभर गुहेत झोपतात, खात नाहीत, पीत नाहीत, असं सांगितलं. समाधान नावाचा तिसरीतला मुलगा, ज्याला वर्गात वकील म्हणतात, उभा राहिला.

"म्याडम, मग त्याची गैरहजेरी लागत न्हाई का?"

मी स्थलांतराकडे वळले. थंडी आली की पक्षी गाव सोडून लांब जातात आणि ऋतू पालटला की परत येतात. हे वाक्य मी हजार वेळा उच्चारलं असेल. कधी कुणाचे डोळे असे चमकले नव्हते.

"म्हंजी ऊसतोडीला," समाधान म्हणाला. "आमचे आईबाप बी दिवाळी झाली की जातेत आन् पाडव्याच्या टायमाला येतेत."

अर्धा वर्ग माना डोलवू लागला. मला नंतर कळलं की त्यातले निम्मे आजीआजोबांजवळ राहतात, कारण आईवडील कोयते घेऊन कारखान्याकडे गेलेले असतात. माझ्याकडे सैबेरियाच्या क्रौंचांचं चित्र होतं. कोयत्याचं नव्हतं.

"आजी, तुमची नातवंडं कुठं असतेत?" एका मुलीनं विचारलं.

"कॅनडात."

"ती कवा येतेत?"

"दोन-तीन वर्षांनी."

"लईच लांबची तोड हाय," समाधान गंभीरपणे म्हणाला. मी पुढचं चित्र काढलं.

तुपाच्या पिशवीचा प्रयोग मीराच्या सूचनांबरहुकूम केला. बर्फ बीडच्या रसवंतीवरून आणला होता. तो बघताच त्यावर कुठला रंग घालणार, अशी चौकशी झाली. तुपाच्या पिशवीत हात घालायला रांग लागली, पण 'काय वाटलं?' या प्रश्नाला प्रत्येकाचं एकच उत्तर आलं, की तूप वाया चाललंय.

या सगळ्या गोंधळात एक मुलगी मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. सारजा. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तिचं कुटुंब मेंढपाळ धनगरांचं आहे. त्यांच्या मेंढ्या शाळेशेजारच्या तूर काढलेल्या रानात बसल्या होत्या. रात्री मेंढ्या शेतात बसल्या की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. रान झालं की कुटुंब पुढच्या गावाला. जितके दिवस मुक्काम, तितके दिवस सारजाची शाळा.

"सारजा, बाहेर काय आहे?" मी विचारलं. माझ्या हातातल्या चित्रातल्या पेंग्विनपेक्षा महत्त्वाचं काय असू शकतं, असा माझा सूर होता.

"भुरी."

"कोण भुरी?"

"मेंढी. आजउद्या इणार हाय."

समाधाननं वकीलपत्र घेतलं. "म्याडम, ती व्याली की कोकरू सारजाचं. तिच्या आजीनं कबूल केलंय. मागल्या साली बी दिलतं, पर ते गारठून मेलं. औंदा बी मेलं तर तिला पुन्हा न्हाई देणार. हाताला जनावर लाभत न्हाई म्हणतेत."

सारजानं त्याच्याकडे असं पाहिलं की वकील खाली बसले.

दुसरा दिवस, तुरीच्या रानात

शाळा सुटल्यावर सारजा आम्हाला तिच्या आजीकडे घेऊन गेली. गजराबाई माझ्याच वयाच्या असतील. फरक एवढाच की मी रानाचा चढ चढताना दोनदा थांबले आणि त्या डोक्यावर दोन घागरी घेऊन आमच्या पुढे चालत होत्या.

त्यांचा संसार एका घोड्यावर मावेल इतका. भांडी, घोंगड्या, आणि मेंढ्यांभोवती लावायची जाळी, जिला त्या वाघूर म्हणतात. पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात नुसत्या चहाच्या गाळण्या चार आहेत. त्यांपैकी एकही सापडत नाही, हे वेगळं.

शेजारच्या शेतकऱ्यानं हुरडा धाडला होता. ज्वारीची कोवळी कणसं आरावर भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या तिखट चटणीबरोबर खायची. मी रुमालावर चोळून पाहिली. गजराबाईंनी माझा हात धरून रुमाल बाजूला ठेवला. तळहात भाजला आणि हुरडा एकदम चांगला लागला.

खाताना त्यांनी माझी परीक्षा घेतली. सारजानं त्यांना पेंग्विनबद्दल सांगितलं होतं.

"त्या पाखराला लोकर हाय का?"

"नाही. दाट पिसं असतात आणि आत चरबी. शिवाय शेकडो पेंग्विन एकमेकांना चिकटून उभे राहतात. कडेचे आत येतात, आतले कडेला जातात."

"शानी हायती. आमच्या मेंढ्या बी खेटून बसतेत. लेकुरवाळ्या मधी." मग त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला. "दूध पाजतंय का पिलाला?"

"पक्षी आहे तो. दूध नसतं त्यांना."

"मंग कसं जगतंय थंडीत?" त्यांना माझ्या पेंग्विनची खरोखर काळजी वाटली. "आमचं कोकरू पडलं की मायनं चाटून कोरडं करायचं आन् घटकाभरात चीक पोटात जायाचा. पहिलं दूध वो. मंग कसली बी थंडी येऊ द्या. चीक न्हाई गेला तर घोंगडीत गुंडाळलं तरी जातंय. मागल्या साली हिचं तसंच गेलं. माय आजारी पडलती."

सारजा भुरीच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

मी वही काढून लिहून घेतलं: 'लोकसमजुती, क्रमांक एक.' ती वही अजून माझ्याजवळ आहे. तुम्हाला दाखवणार नाही.

तिसरा दिवस, सकाळ

पोचलो तर शाळा रिकामी आणि सगळी मुलं रानात. भुरी नुकतीच व्याली होती. कोकरी होती, सारजाला हवी तशी. करडी, ओली, चार काड्यांवर उभी आणि पानासारखी थरथरत. गजराबाई पाण्याला गेल्या होत्या. सारजा भुरीजवळ उकिडवी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून ती तीन दिवस जेवली नाही तरी चालेल असं वाटत होतं.

भुरी कोकराला चाटत होती. निवांत, एकेक जागा घेत.

तुमच्या आजीनं काय पाहिलं? तुमच्या आजीनं पाहिलं की जिवंत उदाहरण समोर आहे, वर्ग हजर आहे, थर्मामीटर अकरावर आहे आणि एक पिल्लू थंडीनं कापतंय. निसर्ग फार सावकाश काम करत होता. मी त्याला मदत करायचं ठरवलं.

पिशवीतून टॉवेल काढला आणि कोकराला खसाखसा पुसलं. मग तुझा स्वेटर काढला.

"आजी, तिला न्हाई आवडायचं," सारजा हळूच म्हणाली.

"विज्ञानात आवडनिवड नसते," मी म्हटलं.

पुढचे पाय बाह्यांत घातले, बटणं लावली. मापात बसला, ईशान. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं फोटो काढला. मी उसन्या लोकरीबद्दल दोन मुद्देसूद वाक्यं बोलले.

तेवढ्यात कोकरू आईकडे गेलं. भुरीनं त्याला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाय आपटला आणि दोन पावलं मागं सरकली. कोकरू परत गेलं, तर तिनं डोक्यानं ढकलून त्याला पाडलं. ते उठलं, पुन्हा गेलं. तिनं पुन्हा पाडलं आणि वळून चरायला लागली, जणू काही झालंच नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सारजानं बटणं काढायला सुरुवात केली. बटणं माझ्या हातची, घट्ट शिवलेली. स्वेटर निघाला. भुरी जवळ आली, हुंगलं आणि पुन्हा ढकललं. सारजा रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं फक्त. रडली असती तर बरं झालं असतं.

गजराबाई आल्या. घागर खाली ठेवली, कोकराकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं.

"कुणी काय केलं?"

बावीस मुलांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. दोन दिवसांच्या शिकवण्यात एवढी एकवाक्यता मला एकाही उत्तरात मिळाली नव्हती.

त्यांनी स्वेटर नाकाशी धरला आणि झटकन लांब केला. "पेटीचा वास मारायलाय. तिला वाटायलंय हे दुसऱ्याच कुणाचं. मेंढी डोळ्यानं न्हाई वळखत, बाई. नाकानं वळखती." आणि टॉवेल पाहून म्हणाल्या, "वास होता तो बी पुसून काढला व्हय? लई सोच्छ काम हाय तुमचं."

"तिला थंडी वाजत होती," मी म्हटलं. वाक्य तोंडातून निघतानाच फार दुबळं वाटलं.

"वाजत आसंल. तिची माय करतच होती की काम. तुमाला कावून घाई झाली?"

मी टॉवेलची घडी घालायला लागले.

"आता?" सारजानं विचारलं. एकच शब्द.

"आता बघायचं. चीक जायला पायजे पोटात. सारजे, मीठ आण शाळंतून. बाई, तुमी हितं बसा. हिचं मुंडकं धरा, आवळून. दया करू नका."

अशा रीतीनं मी, खळ घातलेल्या सुती साडीत, तुरीच्या धसकटांवर बसले आणि एका मेंढीचं डोकं छातीशी धरलं. तुम्ही मेंढीचं डोकं कधी धरलं नसेल. ती पूर्ण वेळ आपल्याकडे आडव्या बाहुल्यांनी बघते आणि तिचं मत लपवत नाही.

गजराबाईंनी मेंढी व्याली त्या जागेची ओली माती आणि कोकरामागोमाग तिथं पडलेली वार उचलली आणि ती कोकराच्या अंगाला, शेपटीला, डोक्याला चोळली. मी मघाशी स्वच्छ केलेलं सगळं पुन्हा घाण झालं. आयुष्यभर हात धुवा, हात धुवा असं शिकवलेल्या बाईसमोर. मग भुरीच्या आचळातून चिकाच्या दोन धारा काढल्या, दाट, पिवळ्या, आणि कोकराच्या पाठीवर सोडल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून सारजानं मूठभर मीठ आणलं होतं, ते वर भुरभुरलं. मग कोकराचं तोंड आचळाला लावलं.

पहिल्या वेळी भुरीनं लाथ मारली. दुसऱ्या वेळी मला ओढत दोन हात नेलं. कोकराची ताकद संपत चालली होती. ते उभं करावं तर बसत होतं. सारजानं त्याला मागून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती.

"म्याडम, पेंग्विनात असं झालं तर काय करतेत?" समाधाननं विचारलं.

"गप बस," मी म्हटलं. माझ्या सबंध नोकरीत विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिलेलं ते सर्वांत प्रामाणिक उत्तर.

ऊन वर आलं. माझा डावा पाय केव्हाच माझा राहिला नव्हता. केव्हातरी चुटुकचुटुक असा आवाज आला आणि कोकराची शेपटी हलायला लागली, आधी थोडी, मग जोरात.

"गेला," गजराबाई म्हणाल्या. "चीक गेला."

"आता सोडू?"

"सोडू नका. ढिलं करा. तिला वळू द्या."

मी हात सैल केले. भुरीनं मान वळवली आणि शेपटीशी नाक नेलं. हुंगलं. भुरीनं मीठ चाटलं. एकदा, दोनदा. मग मीठ नव्हतं तिथंही चाटलं. आणि घशातून एक आवाज काढला, अगदी हळू, गुरगुर म्हणावी असा. तो मी आधी ऐकला नव्हता.

"बोलली," सारजा म्हणाली आणि आता मात्र रडायला लागली.

गजराबाईंनी माझ्या हाताला धरून मला उठवलं, कारण मला उठता येत नव्हतं. "चा घ्या आता. आन् लुगडं धुवायला टाका. तुमाला चालतंय ना धुवायला?"

चौथा दिवस

मी वर्गात चित्रं नेली नाहीत. सारजाला फळ्याजवळ बोलावलं आणि तिला विचारलं, प्राणी थंडीत कसे जगतात.

तिनं फळ्याकडे पाठ करून, हात मागं बांधून सांगितलं. "आधी मायनं हुंगायचं. मंग चाटायचं. मंग चीक. मंग गर्दीत मधी बसायचं. आन् मोठ्या माणसानं मधी न्हाई पडायचं."

शेवटचा मुद्दा पाठ्यपुस्तकात नाही. मी पूर्ण गुण दिले.

दुपारी निघताना रानात गेले. कोकरी भुरीच्या पोटाखाली ऊन खात होती. दोन दिवसांनी त्यांचा मुक्काम हलणार होता. "ही चालंल तवर," गजराबाई म्हणाल्या, "न्हाई तर सारजी घेईल खांद्यावर. तिचीच हाय ती." सारजानं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

स्वेटर गजराबाईंनी काठीवर वाळत टाकला होता. घडी घालून दिला. "नातवाचा हाय म्हणत होत्या. मंग त्याचा वास कुठं हाय त्यात?"

ईशान, मी पुण्याला येऊन तो तीनदा धुतला. मेंढीचा वास जात नाही. मातीचा, दुधाचा आणि आणखी कशाचा तरी. पण खरं सांगते, पेटी उघडून मी तो अधूनमधून नाकाशी धरत आले आहे, आणि प्रत्येक वेळी मला फक्त डांबराच्या गोळ्या हुंगायला मिळाल्या. तुझा वास कसरीपासून वाचवण्याच्या नादात मीच घालवला. फार व्यवस्थित घालवला.

म्हणून आता एक काम करा. तुझा एक स्वेटर आणि मीराचा एक, सध्या वापरातले, पाठवून द्या. आईला सांगा, धुवायचे नाहीत. ही सूचना मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला देते आहे, तेव्हा तिला दोनदा वाचून दाखवायला सांगा.

तुमची,
आजी